लंडनच्या ऑपरेटरची चूक

त्या सीडीवर सतरा गाणी होती. सतरा हा आकडा मी आठवणीच्या भरवशावर लिहीत नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या मोबाइलवर तोच संग्रह सापडला, तेव्हा पुन्हा मोजून घेतला. गाणी तीच, क्रमही तोच. कव्हर तेवढं अंगठ्याच्या नखाएवढं झालेलं. त्यावर दिव्यांनी भरलेलं कुठलंतरी मोठं शहर आणि कानांना हेडफोन लावून डोळे मिटलेली एक बाई. ही त्या वर्षातली गाजलेली शहरी आणि डान्स गाणी आहेत, असं खाली इंग्रजीत लिहिलेलं. शहरी गाणी म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. आम्ही घणसोली गावात राहत होतो आणि शहर म्हणजे वाशी, एवढंच आम्हाला माहीत होतं. मुलगी म्हणाली, "आई, तू आणि हे? तुला तर सोसायटीच्या गणपतीतला स्पीकरपण सहन होत नाही." ते खरं आहे. तरीही मी तिच्याकडून हेडफोन मागून घेतले, स्वयंपाकघराचं दार लावलं आणि पहिल्या गाण्यापासून सतराव्या गाण्यापर्यंत, एकही गाणं मध्ये न तोडता, सगळा संग्रह ऐकला. न तोडता ऐकायची ही शिस्त माझी नव्हे. ती दादाची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विलास. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, वाशीच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर गोणी वाहायचे. घणसोली गावातल्या जनाबायच्या घराला लागून काढलेल्या तीन खोल्यांपैकी मधली खोली आमची. जनाबाय म्हणजे आमच्या घरमालकांची, मधुशेठची आई. गावातली जुनी आगरी माणसं. शेतं गेल्यावर खोल्या बांधून भाड्याने देणारी. आमच्या खोलीची एक भिंत तिच्या चुलीला लागून होती. हिवाळ्यात ती उबदार लागे आणि उन्हाळ्यात तिला पाठ लावून कोणी बसत नसे. त्या भिंतीतून सुक्या बोंबलाचा वास यायचा. आई सोमवारी आणि गुरुवारी नाकाला पदर लावायची. बाकीचे दिवस मात्र तिकडून येणाऱ्या तांदळाच्या भाकरीची आणि वालाच्या बिरड्याची ती आमच्याइतकीच वाट बघायची, आणि वाटी परत पाठवताना त्यात आपला मिरचीचा खर्डा घालायची. तो खाऊन जनाबाय पलीकडून ओरडायची, "काय गो बाय, जीव घेतेस काय आमचा?" आणि दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा यायची, खर्ड्यासाठी रिकामी जागा ठेवून.

मधुशेठचा साऊंडचा धंदा होता. लग्न, हळद, गणपती, साखरपुडा, काहीही असो, आसपासच्या गावांत त्याचेच खोके जायचे. ज्यांनी हा धंदा जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: जाड, धडधडणारा आवाज काढणारे मोठे खोके म्हणजे बेस आणि त्यांच्यावर चढवायचे, बारीक आणि धारदार आवाजाचे, ते टॉप. एका बाजूला मिक्सर, त्यावर बटणांच्या रांगा, आणि मिक्सरमागे बसणारा माणूस म्हणजे ऑपरेटर. दहावीनंतर दादा आधी खोके उचलायला म्हणून गेला. वर्षभरात मधुशेठने त्याला मिक्सरवर बसवलं. आण्णांना ते काम वाटायचं नाही. "बसून कसलं रं काम?" म्हणायचे. आई म्हणायची, "निदान पाठीवर तर काही न्यायचं न्हाई ना?" आणि तिथे तो विषय संपायचा, कारण आण्णा त्या वेळी बहुतेक पालथे झोपलेले असत आणि आई त्यांच्या कंबरेवर मिठाची गरम पुरचुंडी फिरवत असे.

ती सीडी लंडनहून आणली मधुशेठच्या मेहुण्याने. तो बोटीवर कामाला होता. त्याने ती नाचायला म्हणून आणली होती, पण गावात त्या गाण्यांवर कोणी नाचेना. लोक म्हणाले, यात ठेका आहे पण ताल नाही. दादाने ती उचलून घेतली आणि तिचा भलताच उपयोग शोधून काढला. काम नसलेल्या सकाळी तो सगळे खोके जुन्या खळ्यात मांडायचा. तिथे आता भात झोडपत नसत, टेम्पो उभा करत. खोके मांडून तो ही सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा आणि एकेका गाण्यावर एकेक खोका तपासायचा. गाण्यांची इंग्रजी नावं मी त्याला वाचून दाखवली होती. त्याने ती ऐकून घेतली आणि सोडून दिली. त्याची स्वतःची नावं होती. पहिलं गाणं म्हणजे उखळ, कारण त्यात मुसळ पडल्यासारखा ठोका होता. त्यावर बेस कळायचे. तिसरं म्हणजे पत्रा. सातवं म्हणजे म्हातारा, कारण त्यात एक जाड्या आवाजाचा माणूस गाण्याऐवजी भरभर बोलत राहायचा, आणि त्याचा प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला तर मिक्सर बरोबर आहे असं समजायचं. एकदा आण्णांनी दारातून तो म्हातारा पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "आमच्या गाळ्यावरचा दलाल बी असाच बोलतो. त्याची काढा की सीडी." दादा हसून मिक्सरवर पडला. घरात तो असा हसलेला मला आठवत नाही. खळ्यात हसायचा.

बारावं गाणं होतं बांगडी. ते या सगळ्यांत संथ. एक बाई जवळजवळ कुजबुजल्यासारखं गाते, मागे हलका ठोका. मध्येच एका जागी ठोका थांबतो, सगळं थांबतं, आणि ती पुन्हा सुरू करते. दादाचं म्हणणं असं, की त्या थांबलेल्या जागेत, तिने पुन्हा तोंड उघडायच्या आधी, तिच्या हातातली बांगडी कशाला तरी लागते. "चुकून राहिलंय ते," तो मला सांगायचा. "एवढा मोठा स्टुडिओ, काचेची खोली, आणि लंडनच्या ऑपरेटरला ऐकू आलं नाही. मला आलं." हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू लंडनचा तो ऑपरेटर समोर बसलाय आणि दादाने त्याला चहा पाजून हळूच ही गोष्ट सांगितलीय.

मी त्या सकाळी गणिताची वही घेऊन खळ्याच्या कडेला बसायची. मला गाण्यांपेक्षा सीडी प्लेयरवर पळणाऱ्या सेकंदांचा जास्त नाद. बारावं गाणं आलं की तो हात वर करून मला गप्प करायचा, मी तशीही गप्पच असायची, आणि ती जागा गेली की विचारायचा.

"सुमे, ऐकलीस?"

"नाही."

"नाही काय? एवढी स्पष्ट वाजली."

"मला नाही ऐकू आली."

"तुझे कान म्हणजे कपाचे कान. नुसते धरायच्या कामाचे."

तो पुन्हा लावायचा, मी पुन्हा ऐकायची आणि पुन्हा नाही म्हणायची. जी गोष्ट मला दिसली किंवा ऐकू आली नाही तिला हो म्हणणं मला जमत नसे. आजही जमत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी नकोशी होते ती यामुळेच. दादाला त्याचा राग यायचा, पण विचारायचा तो मलाच. कदाचित म्हणूनच विचारायचा.

बांगडीवर त्याचा एवढा जीव का, याला कारण होतं. जनाबाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळद लावताना, मांडव घालताना बायका धवले म्हणतात, देवाला लग्नाला बोलावण्याची गाणी. ज्या बाईला ती सगळी पाठ असतात आणि जी पुढे म्हणते ती धवलारीण. जनाबाय माइक हातात घेत नसे. तिचा एकच नेम होता: धवल्याचा पहिला शब्द दुसऱ्या कुठल्याही आवाजावर पडता कामा नये. "देवाला हाक माराची हाय," ती म्हणायची. "पयला शबुद साफ जावाला पायजे." पण ती कोणाला थांबा, बंद करा असंही म्हणत नसे. तोंड उघडायच्या आधी ती फक्त हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावरून वर कोपराकडे सारायची. दुसऱ्या साऊंडवाल्यांना हे कधी कळलंच नाही. त्यांना कोणीतरी ओरडून सांगावं लागे. दादा हळदीची वेळ जवळ आली की गाणं बारीक करून ठेवायचा आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्या बांगड्यांची वाट बघायचा. त्या सरकल्या की त्याचं बोट बटण खाली ओढायचं, आणि पहिला शब्द अगदी स्वच्छ शांततेत पडायचा. कोणी बघितलं नाही तर कळायचंही नाही की हे कोणी केलं. जनाबायला मात्र कळायचं. "ता पोर माजं बांगड्या आयकतं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिच्या सख्ख्या मुलाच्या साऊंडचं कौतुक तिने कधी केलं नाही, पण आमच्या दादाच्या कानांचं करायची. गावात आम्ही भाडेकरू होतो, बाहेरचे होतो. त्या बोटामुळे दादा तेवढा आतला झाला होता.

मग एके सकाळी दादा म्हणाला, "सीडी खराब झाली."

मी विचारलं, काय झालं? म्हणाला, बांगडी गेली. बाकी सगळं आहे, तेवढी गेली. त्याने सीडी काढून उजेडात धरली. चरे होतेच. बनियनला पुसली, पाण्याने धुतली. आईची टूथपेस्ट बोटावर घेऊन आतून बाहेर अशी चोळली. तेव्हा सगळेच असं करायचे. पुन्हा लावली. पुन्हा विचारलं, "सुमे, आली?" मी म्हणाले, "नाही. पण मला आधीही येत नव्हती." त्याने माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. त्या सबंध गावात ते गाणं त्याच्याबरोबर ऐकणारी मी एकटी, आणि माझी साक्ष काही कामाची नव्हती. जी वस्तू मी कधी ऐकलीच नव्हती, ती गेली की आहे हे मी कशावरून सांगणार? मी खोटं हो म्हणाले असते तर त्याला कान तपासावेसे वाटले असते का, हा हिशेब मी पुढे पुष्कळदा मांडून पाहिला. त्यातून काही निष्पन्न होत नाही.

त्यानंतर तो टॉप वाढवू लागला. आधी थोडे, मग आणखी. आई कपाळ धरून दारात यायची. "आरं लेकरा, डोक्यात सुया टोचाय लागल्यात. कमी कर की." तो म्हणायचा, "आई, उलट कमीच येतोय. घोंगडी टाकल्यासारखा येतोय." ताटावर बसला की दोनदा विचारल्याशिवाय उत्तर द्यायचा नाही. आईला वाटलं, पोराच्या डोक्यात काही आहे. कोणी मुलगी वगैरे. ती जनाबायशी भिंतीतून तसं बोललीही. दोघी कितीतरी दिवस ती मुलगी कोण असेल याचे तर्क करत होत्या.

मधुशेठच्या मुलीचं, पिंकीचं लग्न ठरलं. घरचंच कार्य. मांडव आमच्या खोल्यांसमोरच पडला, उंबराची फांदी लागली. सकाळपासून वड्यांचा घाणा चालू होता आणि आमची आई पीठ मळून मळून कोपरापर्यंत पांढरी झाली होती. जनाबायचा उत्साह तर बघण्यासारखा होता. शंभर लग्नांत धवले म्हटलेल्या बाईच्या घरचं हे, आणि पहिल्या नातीचं. नव्या बांगड्या भरून आली होती. दोन्ही हात मला दाखवले. म्हणाली, "बघ गो सुमे. आज तुज्या दादूसला लांबून आयकाला येतील."

हळद दुपारी ऊन उतरताना लागायची होती. बायका जमेपर्यंत दादाने तीच सीडी बारीक आवाजात लावून ठेवली होती. अशा वेळी तो नेहमी तीच लावायचा, कारण शब्द कोणाला कळत नाहीत आणि त्यामुळे पाहुण्यांत या गाण्यावरून त्या गाण्यावरून भांडणं होत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी मुलींबरोबर मांडवात होते. पिंकी पाटावर बसली, वाटीत हळद कालवून झाली, आणि बारावं गाणं लागलं. मी दादाकडे बघितलं, कारण ते गाणं लागलं की त्याच्याकडे बघायची मला सवय होती. तो मिक्सरवर वाकला होता. डोळे बारीक केले होते. ती थांबायची जागा जवळ येत होती आणि त्याचं बोट टॉपच्या बटणावर होतं. तो आज पुन्हा ती बांगडी शोधणार होता.

जनाबायने हात पुढे केला आणि नव्या बांगड्या वर सारल्या. मला ऐकू आलं. शेजारच्या मुलीलाही आलं असेल. तिने मान वर करून पहिला शब्द उच्चारला, आणि त्याच क्षणी दादाने आवाज खाली ओढायच्या ऐवजी टॉप वर चढवले. ती परकी बाई त्या चार खोक्यांतून अशी किंचाळली की पाटावरची पिंकी दचकली आणि हळदीची वाटी कलंडली. म्हाताऱ्यांनी कानांवर हात घेतले. जनाबाय थांबली नाही. तोंड हलताना दिसत होतं, आवाज ऐकू येत नव्हता. दादा तिच्याकडे बघतच नव्हता. तो खोक्याकडे कान करून आणखी चढवत होता. मग कोणीतरी धावत जाऊन जनरेटर बंद केला. सगळं एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत जनाबायचा धवला मध्येच कुठेतरी तुटलेला होता.

मधुशेठ धावत गेला. "कान फोडतंस काय र आमचं? आय धवला बोलतंय आनि तू वाढवतंस? पिऊन आलास काय?"

"पिऊन?" दादा उभा राहिला. "शेठ, सीडी खराब आहे. टॉप येतच नाहीयेत."

"टॉप येत नाय?" नवऱ्याकडचा एक पाहुणा ओरडला. "आमच्या दाढा सळसळल्या रं!"

सगळा मांडव हसला. आईही पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. ती हसली नाही. आण्णा मागे खाली मान घालून उभे होते. आपण भाड्याच्या खोलीत राहतो, हे त्यांना त्या मिनिटाला जेवढं आठवलं तेवढं त्याआधी कधी आठवलं नसेल.

जनाबाय पाटाजवळून निघाली. ती दादाला मारणार असं मला वाटलं. ती मिक्सरला वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तो मधुशेठला काहीतरी समजावत होता. तिने त्याच्या कानाच्या अगदी मागे हात उचलला आणि सगळ्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सारल्या. मग पुन्हा खाली आणल्या आणि पुन्हा सारल्या. मांडवात शेवटच्या खुर्चीपर्यंत तो आवाज गेला. दादा वळला नाही. तो मधुशेठला सांगतच राहिला की सीडी खराब आहे, दुसरी आणू, पाहिजे तर आत्ता आणतो.

हसणं आपोआप थांबलं. मधुशेठने दादाचा धरलेला हात सोडला. जनाबाय म्हणाली, "या पोराला कोनी काय बोलाचा नाय." मग ती त्याच्या समोर आली, त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्या तोंडाकडे वळवलं, आणि तिथेच, मिक्सरसमोर उभी राहून, धवला पहिल्यापासून म्हणायला लागली. देवाऐवजी त्याला बोलावत असल्यासारखा, एकेक शब्द मोठ्याने, ओठ उघडून. पिंकी तिकडे पाटावर बसलेली, बायकांची हळदीची बोटं हवेत थांबलेली. दादाला त्या वेळी समजलं. त्याने मिक्सरवरचे दोन्ही हात काढून घेतले आणि खाली बसून मांडीवर ठेवले.

लग्नानंतर आण्णा आणि मी त्याला वाशीला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. आत काचेची एक लहानशी खोली होती. दादा ती बघून मला म्हणाला, "स्टुडिओसारखी आहे." त्याला आत बसवून हेडफोन लावले. तपासणाऱ्या बाईने सांगितलं, आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. मी बाहेर तिच्या शेजारी उभी होते. सुरुवातीचे जाड आवाज त्याला आले. प्रत्येक वेळी बोट वर जायचं, चटकन, शाळेतल्या हुशार मुलासारखं. मग ती बाई बारीक आवाजांवर आली. तिने बटण दाबलं. बोट वर झालं नाही. तिने आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. पुन्हा वाढवलं. दादा काचेतून आमच्याकडे बघत होता. चेहरा शांत होता. थोड्या वेळाने त्याने भुवया उंचावून मला खुणेने विचारलं, कधी सुरू करणार?

घरी आल्यावर आण्णा उंबऱ्यावर बसले. मग आईला म्हणाले, "माझी पाठ गेली तवा मला कळत व्हतं गं. रोज कळत व्हतं. ह्या पोराला तेवढंबी मिळालं न्हाई." आईने चूल पेटवली नाही. संध्याकाळी पलीकडून भाकरी आणि बिरडं आलं. वाटी घेऊन जनाबाय स्वतः आली होती, भिंतीतून हाक न मारता.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. साऊंड सुटला. ज्या मुलाने मिक्सर घेतला त्याला दादाने ती सीडी दिली आणि सांगितलं, बारावं सोडून बाकी सगळं ठीक आहे. बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात त्याला काम लागलं. तिथे कंटेनरच्या धडधडीत सगळेच खुणांनी बोलतात, त्यामुळे त्याचं फार अडलं नाही. हळूहळू जाड आवाजही गेले. कानातलं यंत्र घेतलं, पण ते भांड्यांचा आवाज वाढवतं आणि माणसांचा नाही, असं तो म्हणतो. जनाबाय गेली तेव्हा तिच्या सुनांनी शेवटचं म्हणून काही म्हटलं. दादा पुरुषांत उभा होता आणि त्यांच्या ओठांकडे बघत होता. घरातली माणसं आधी त्याला सगळं दोनदा सांगायची, मग एकदा, मग "काही नाही" म्हणायला लागली. मीही म्हटलंय. माणूस असा एकदम तुटत नाही. "काय म्हणालीस?" "काही नाही." असं करत करत तुटतो.

एक गोष्ट मात्र त्याने कधी सोडली नाही. कान गेले हे त्याने मान्य केलं, पण सीडीही खराब झाली होती, हेही तो धरून राहिला. कधी जुनी गोष्ट निघाली की म्हणायचा, "कान नंतर गेले. आधी सीडी गेली." त्याच्या त्या आग्रहाचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. आधी सीडी गेली असेल, तर त्या दुपारी मांडवात तो अजून बरोबर होता.

म्हणून मी तो संग्रह ऐकला. उखळ ऐकलं, पत्रा ऐकला. म्हातारा इतका स्पष्ट बोलला की मला खोलीत एकटीला हसू आलं. बारावं आलं. ठोका थांबला. आणि तिथे, ती बाई पुन्हा गायच्या आधी, काचेला काच हलकेच लागावी तसा आवाज झाला. मी तो पुन्हा लावून ऐकला. त्याच जागी होता. इतक्या वर्षांनी कुठल्यातरी नव्या वायरीतून आलेल्या गाण्यातही होता. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला कळलं नाही.

ते दादाला सांगावं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. तो आमच्याकडे खांदेश्वरला येतो, वहिनीबरोबर, महिन्यातून एखाद्या रविवारी. ही म्हणजे दुसऱ्या सीडीची गोष्ट, जुन्या सीडीवर चरे होतेच, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण चरा पडल्यावर गाणं अडखळतं. त्यातली एक बांगडी तेवढी उचलून नेत नाही. हे त्यालाही माहीत असणार. शेवटी मी काही ठरवलं नाही. तो आला, जेवला, आणि खुर्चीत बसल्यावर मी मोबाइलवरचं ते कव्हर त्याच्यासमोर धरलं.

त्याने चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. "ही बाई अजून डोळे मिटूनच आहे," म्हणाला. मग म्हणाला, "बारावं लाव."

मी हेडफोन त्याच्याकडे केले. त्याने ते माझ्याकडे परत सारले आणि मोबाइल मात्र स्वतःच्या हातात घेतला. मी कानांना हेडफोन लावून त्याच्यासमोर बसले. तो पडद्यावर पुढे जाणारे सेकंद बघत होता, पूर्वी मी बघायची तसे. ठोका थांबला. काच लागली. मी बोट वर केलं.

त्याने मान डोलावली. पण मोबाइल खाली ठेवला नाही. "आणि दुसरी?"

मी खुणेने विचारलं, दुसरी कुठली?

"दोन आहेत. पहिली लागते, मग तिच्यामागे दुसरी, दबलेली. परत ऐक."

मी परत ऐकलं. एकच होती. मी मान हलवून नाही म्हटलं. वहिनी म्हणाली, "सोडा ना आता," पण ते त्याला कळलं नसावं. त्याने स्वतःच गाणं मागे नेलं, बरोबर त्या जागेच्या अलीकडे. मी डोळे मिटले. ठोका थांबला. काच लागली, आणि तिच्या पोटात, जवळजवळ नसल्यासारखी, आणखी एक. मी बोट वर केलं, खाली आणलं आणि पुन्हा वर केलं.

डोळे उघडले तेव्हा दादा माझ्या बोटाकडे बघत होता. त्याने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

"म्हणजे सीडी चांगली होती," तो म्हणाला. आपण हळू बोललो, असं त्याला वाटलं असेल. खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी बंद केली.